दाजींचा रिपोर्ट: सीआरपी आणि कोलेस्टेरॉल कसं वाचायचं

गड्ड्याची यात्रा उरकली की आमच्या लॅबमध्ये खोकणाऱ्यांची रांग लागते. यंदा त्या रांगेत दाजी होते, हातात दुसरीकडून करून आणलेलं ‘हार्ट पॅकेज’.

“पाव्हणं, सीआरपी १४.२ आलीय. आता अँजिओग्राफीच का?”

“दाजी, खोकला कधीपासनं?”

“गड्ड्यापासनं. दहा दिवस झालं की.”

मी सोलापुरात एकवीस वर्षं रक्त काढतोय नि तपासतोय. औषध सांगणं माझं काम नाही, पण कागद कसा वाचायचा ते सांगतो.

सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं एक प्रथिन. आधी तिच्या नावात ‘एचएस’, म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी, आहे का बघा. साधी सीआरपी न्यूमोनिया वगैरेसाठी असते, तिला बारीक आकडे नीट धरता येत नाहीत. हृदयासाठी एचएस-सीआरपी लागते. मग आकड्यापुढचं एकक वाचा. मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर १ च्या खाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. प्रति डेसिलिटर छापलं असेल तर आकड्याला दहानं गुणा. ०.४ बघून खूश झालेला माणूस खरा ४ वर असतो.

आणि १० च्या वर आकडा गेला, की त्यावरून हृदयाचं काही ठरवूच नका. सीआरपी यकृतात तयार होते, अंगात कुठंही सूज-संसर्ग असला की चढते, आणि कुठं ते सांगत नाही. छातीतला कफ, सुजलेला गुडघा, किडलेली दाढ, काहीही. (मिश्री लावणाऱ्या आमच्या बायाबापड्यांनी हिरड्या एकदा दाखवून घ्याव्यात.) पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे थांबून परत करा. आजारपणात कोलेस्टेरॉलही खोटं खाली उतरतं, म्हणून लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही तेव्हाच.

दाजींची दुसऱ्यांदा १.८ आली. ते उठून निघालेच होते, मी हाताला धरून बसवलं. कारण खरी भानगड लिपिडच्या पानावर होती.

टोटल कोलेस्टेरॉल १७८. दोनशेच्या आत, म्हणून दाजी निवांत. खाली एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३१, आणि ट्रायग्लिसराईड, ही रक्तातली दुसरी चरबी, २४५. मी पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी मांडली. १७८ उणे ३१, म्हणजे १४७. हे नॉन-एचडीएल, धमनीत घुसू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. त्यातून ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग, ४९, काढला की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९८. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल असंच गणितानं काढतात. नुसतं ९८ बघितलं तर बरं वाटतं. पण ट्रायग्लिसराईड चढलेलं असेल तेव्हा नॉन-एचडीएल बघावं, आणि ते साध्या माणसाचंही १३० च्या आत हवं. दाजींना तर शुगर आहे, बिडी आहे. त्यांच्यासाठी हद्द आणखी खाली, ती डॉक्टर ठरवतात.

ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेलं तर हे गणित कोलमडतं, मग ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा. रात्री मटण आणि दोन पेग झालेल्या माणसाची ट्यूब सेंट्रीफ्यूजमधून काढली की वरचं पिवळं पाणी दुधासारखं गढूळ दिसतं. तो बिचारा “काही नाही खाल्लं” म्हणत असतो, ट्यूब सगळं सांगते. पहिल्या तपासणीला उपाशी नसलात तरी चालतं. पण ट्रायग्लिसराईड जास्त आलं की परत करताना दहा-बारा तास पोट रिकामं ठेवा. पाणी प्या, नाहीतर शीर सापडत नाही.

दोन्ही का बघायचं? कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथं सूज धरते, सुजलेली गाठ फुटली की रक्ताची गुठळी होते. २००८ च्या ‘ज्युपिटर’ नावाच्या औषध-चाचणीत एलडीएल १३० च्या आत, पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेले लोक घेतले होते. रोझुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणाऱ्यांना हृदयाचे झटके कमी आले. उलटं मात्र धरू नका. सीआरपी कमी आली म्हणजे बिडीला परवानगी मिळाली, असं नसतं. आणि छातीत आत्ता दुखत असेल तर असल्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठून ईसीजी काढा.

एक तपासणी दाजींना मीच सुचवली, लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला कण. ती जन्मात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते, कारण आकडा आईबापाकडून येतो आणि खाण्यापिण्यानं फारसा हलत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जास्त धरतात. दाजींचे वडील बावन्नाव्या वर्षी मागावरच गेले होते. डॉक्टरांनी होकार दिला, केली, ८६ आली.

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. दाजी कागदाकडं बघत बसले, मग म्हणाले, “मग पोराचं?”

भाचा एकोणतीसचा आहे. रविवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलंय.