समुद्र खवळलेला आहे तोवर कृत्रिम खडकांचे ठोकळे ओतून घ्या

होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ते दिवस कृत्रिम खडक, म्हणजे माशांच्या आसऱ्यासाठी समुद्राच्या तळाशी ठेवायची रचना, घडवायला सोयीचे. काँक्रीटचे ठोकळे आता ओतले, तर शांत पाणी येईपर्यंत पक्के होतील. त्यांना निदान 28 दिवस पाणी द्या. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) 12 ते 13 असतो, समुद्राच्या पाण्याचा 8 च्या आसपास. कच्चा ठोकळा बुडवला की कालवांच्या अळ्या त्यावर सहज बसत नाहीत. साच्याला डिझेल किंवा जळके ऑइल मुळीच लावू नका, खाद्यतेल पुरते. गिलावा करू नका. पृष्ठभाग खरखरीत हवा, खडी उघडी दिसली तरी उत्तम. भोके लहानमोठी ठेवा आणि आरपार काढा. एका बाजूने बंद पोकळीत पाणी खेळत नाही.

जुने टायर फुकट मिळतात म्हणून वापरू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1972 मध्ये 20 लाखांच्या आसपास टायर असेच टाकले गेले. त्यांचे बंध तुटले, लाटांबरोबर टायर फिरू लागले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळले. ते काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले.

जागा निवडताना पाणबुड्याला तळात सळई खुपसून पाहायला सांगा. सळई सहज आत गेली तर तिथे ठोकळे गाळात बुडणार. घट्ट वाळूचा तळ चांगला. नदीच्या मुखाजवळचे गढूळ पाणी टाळा. जिवंत प्रवाळ, सागरी गवत किंवा नैसर्गिक खडक असेल तिथे ठोकळा ठेवूच नका. जे आहे ते आधी जपायचे. ट्रॉलरची वाटही नको. सर्वांत मोठ्या ओहोटीलाही होडीचा तळ मोकळा राहील एवढे पाणी वर हवे. मत्स्यव्यवसाय खाते आणि बंदर खाते यांची लेखी परवानगी आधी घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. खडकाजवळ मासे लवकर जमतात, पण त्यातले बरेच आजूबाजूचेच असतात. तांब, हेकरू एका जागी गोळा झाले आणि आपण जाळ्याने वेढले, तर चार दिवस टोपल्या भरतील आणि मग परिसरच रिकामा होईल. खडक खरी पैदास वाढवतो तो पिल्लांना आसरा आणि खाद्य मिळाले, मोठ्या माद्या अंडी घालेपर्यंत जगल्या तरच. म्हणून ठोकळे पाण्यात जाण्याआधी सगळ्या होडीमालकांनी बसून ठरवा: खडकाभोवती जाळे नाही, फक्त गळ, आणि विणीच्या काळात तोही नाही. ही बैठक होत नसेल तर खडक टाकू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठोकळे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान आणि पाण्याची ओढ कमी असताना, क्रेनने हळू उतरवा. होडीवरून ढकलले तर फुटतात. जवळजवळ गटाने मांडा आणि प्रत्येक गटाची जीपीएस नोंद सर्व होड्यांना द्या. पहिल्या वादळानंतर पाणबुडा पाठवून बुडाखालची वाळू वाहून गेली का, ठोकळे कलले का ते पाहा. अडकलेले जाळे दिसले तर त्याच फेरीत कापून वर आणा, कारण सुटलेले जाळे मासे मारतच राहते.