घरच्या वर्कशॉपमध्ये पोलाद काळे करताना या चुका टाळा

भोसरी किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीत ब्लॅकोडायझिंग, म्हणजे पोलादावर काळा थर चढवण्याचे काम, करून मिळते. पण स्वतः घडवलेले चार टी-नट आणि लेथच्या टूलपोस्टचा एक बोल्ट एवढ्यासाठी तिथे जाणे परवडत नाही, म्हणून आपल्यापैकी बरेच जण हे काम घरीच करू पाहतात. पहिल्या प्रयत्नात जॉब (काळा करायचा भाग) ठिपकेदार निघतो, बोटाला काजळी लागते किंवा दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस गंज दिसतो, आणि दोष काळे करण्याच्या औषधाच्या बाटलीला दिला जातो. माझ्या अनुभवात बाटली क्वचितच दोषी असते. बहुतेक चुका जॉब द्रावणात जाण्यापूर्वी तरी झालेल्या असतात, नाहीतर तो बाहेर आल्यानंतर.

आपण कोणता काळा रंग चढवत आहोत हे आधी समजून घ्यायला हवे. कारखान्यातील गरम पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट किंवा नायट्राइट यांचे अतिशय तीव्र द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळत असते, आणि त्यात लोखंडाच्या स्वतःच्या पृष्ठभागाचे मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर साधारण एक मायक्रॉनचा असल्याने जॉबचे माप बदलत नाही. बाटलीत मिळणारे थंड औषध मात्र बहुधा सेलेनस आम्ल आणि तांब्याचे क्षार यांचे असते. त्यातून लोखंडावर तांबे आणि सेलेनियम यांचे काळे संयुग बाहेरून येऊन बसते. ते ऑक्साइड नव्हे, आणि म्हणूनच त्याची पकड पूर्णपणे पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. तिसरी पद्धत बंदूक बनवणाऱ्या कारागिरांची जुनी रीत आहे: जॉबवर मुद्दाम बारीक गंज चढवायचा आणि तो पाण्यात उकळून काळा करायचा.

तेल निघाले असे गृहीत धरणे

थिनरने पुसलेला जॉब स्वच्छ दिसतो, पण थिनर उडून जाताना विरघळलेल्या तेलाचा पातळ थर मागे ठेवून जातो. त्यामुळे थिनर ही केवळ पहिली पायरी मानावी. त्यानंतर गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांडी घासण्याचे द्रव घालून ब्रशने घासावे, आणि मग परीक्षा घ्यावी. जॉब स्वच्छ पाण्यातून काढून तिरका धरला, तर पाण्याचा पडदा सगळ्या पृष्ठभागावर अखंड राहिला पाहिजे. जिथे पडदा फाटतो किंवा पाणी थेंबाथेंबाने गोळा होते, तिथे अजून तेल आहे आणि नेमका तिथेच डाग पडणार आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, तरीही ती हटकून टाळली जाते.

टॅप केलेली (आतून आटे पाडलेली) बंद भोके विशेष त्रासदायक ठरतात. त्यांच्या तळाशी अडकलेले कटिंग ऑइल जॉब द्रावणात गेल्यावर हळूहळू वर येते आणि भोकाभोवती फिकट कडे उमटते. अशा भोकांतून आधी छिलन काढावी, मग बारीक ब्रश आणि गरम सोड्याचे पाणी दोन-तीन वेळा फिरवावे. धुतल्यानंतर जॉबला उघडा हात लावू नये. अंगठ्याचा ठसा काळ्या थरात फिकट, पण अगदी स्पष्ट उमटतो. नायट्राइलचे हातमोजे येथे दोन कारणांसाठी हवेत: जॉबचे हातापासून आणि हाताचे सेलेनियमपासून रक्षण व्हावे म्हणून.

तेल गेले तरी काम पुरे होत नाही. हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) एमएसवरची, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलवरची, करडी खपली जशीच्या तशी ठेवून काळे करणे व्यर्थ आहे, कारण औषधाला खाली उघडे लोखंड मिळतच नाही. ती कानस, पॉलिश पेपर किंवा आम्लाने काढावी लागते. काळा थर ओरखडे झाकत नाही हेही लक्षात असू द्यावे. ८० नंबरच्या पेपरच्या रेघा काळ्या झाल्यावर अधिकच उठून दिसतात.

धातू न ओळखता बुडवणे

३०४ स्टेनलेसवर थंड औषध चालत नाही, कारण क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर त्याला आत येऊ देत नाही. कडक केलेले ईएन ३१ (बेअरिंगचे पोलाद) आणि साधे एमएस एकाच वेळी बुडवल्यास दोघांची छटा वेगळी येऊ शकते, आणि वेल्डिंगचा जोडही आजूबाजूच्या पत्र्याहून वेगळा दिसतो. हा औषधाचा दोष नसून धातूतील फरक आहे. काहीजण औषधाऐवजी नुसत्या मोरचुदाचे द्रावण वापरून पाहतात. त्यातून लोखंडावर तांब्याचा लालसर मुलामा बसतो, काळा रंग येत नाही.

जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट थेट औषधात टाकणे ही मात्र गंभीर चूक आहे. रंग तर बिघडतोच, शिवाय जस्त आणि आम्लयुक्त सेलेनियम एकत्र आल्याने विषारी वायू निर्माण होऊ शकतो. जस्त हायड्रोक्लोरिक आम्लाने काढता येते, परंतु १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे, म्हणजे उच्च ताकदीचे, बोल्ट आम्लात ठेवल्यास हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकतात आणि भाराखाली अचानक तुटू शकतात. अशा बोल्टांसाठी हा खटाटोप करूच नये. काळे ॲलन बोल्ट बाजारात तयार मिळतात.

आम्लाचा विषय निघालाच आहे, तर जागेबद्दलही सांगायला हवे. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली लेथच्या खोलीत ठेवू नये, बूच घट्ट असले तरीही. तिची वाफ हळूहळू बाहेर पडत राहते आणि लेथचा बेड, व्हर्नियर, ड्रिल यांवर गंज चढवते. वर्षानुवर्षे जपलेले मोजमापाचे साधन असे खराब झाले की ते पूर्वीसारखे होत नाही.

काजळी आणि ठिपके

पुसल्यावर कापड काळे होते, ही थंड औषधाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. जॉब अधिक काळा व्हावा म्हणून आपण औषध पाणी न घालता वापरतो किंवा जॉब दहा मिनिटे बुडवून ठेवतो. त्यामुळे संयुग इतक्या वेगाने साचते की खालचा थर पृष्ठभागाला चिकटण्यापूर्वीच त्यावर सैल भुकटी जमते. बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पाणी मिसळावे, एक-दोन मिनिटांत जॉब बाहेर काढावा, धुवावा, चार शून्यांच्या (०००० नंबरच्या, अतिशय बारीक) तेलविरहित स्टील वूलने हलकेच चोळावा आणि पुन्हा थोडा वेळ बुडवावा. असे दोन-तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी टिकाऊ असतात. स्टील वूल दुकानातून आणल्यावर त्यावर तेल असते, ते आधी काढायला विसरू नये. काजळी धरलेल्या जॉबला तेल लावून ती दडपण्याचा उपयोग होत नाही. पॉलिश पेपरने थर काढून पहिल्यापासून सुरुवात करणे हाच मार्ग आहे.

ठिपके आणि पट्टे बहुधा जॉब डब्याच्या तळाशी टेकल्याने, दोन जॉब एकमेकांना चिकटल्याने किंवा औषध ब्रशने लावल्याने येतात. जॉब लोखंडी तारेने टांगून प्लास्टिकच्या डब्यात बुडवावा आणि सतत हलवत राहावा. थंडीच्या दिवसांत औषध गारठलेले असल्यास रंग मंदपणे येतो. अशा वेळी डबा कोमट पाण्यात ठेवावा. वापरलेले द्रावण मोरीत किंवा मातीत ओतू नये, कारण सेलेनियम पाण्यातील जीवांना घातक आहे. ते वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच द्यावे.

धुणे, वाळवणे आणि तेल

एका जुलै महिन्यात मी व्हाइसचे नवे जबडे सुंदर काळे केले, नळाखाली धुतले, कापडाने पुसले आणि तेल उद्या लावू म्हणून ठेवून दिले. सकाळी दोन्ही जबड्यांवर नारिंगी गंज पसरला होता. काळा थर सच्छिद्र असतो आणि तो स्वतः गंजापासून फारसे रक्षण करत नाही. रक्षण करते ते त्या छिद्रांत शिरलेले तेल. त्यातच छिद्रांत उरलेले आम्ल पावसाळी हवेत रात्रभर आपले काम करत राहते. त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे: दोन वेगवेगळ्या पाण्यांतून धुणे, खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात एक बुडी, पुन्हा धुणे, मग उकळत्या पाण्यात ठेवून जॉब तापवणे, म्हणजे बाहेर काढताच तो स्वतःच्या उष्णतेने वाळतो, आणि अजून गरम असतानाच तेलात टाकणे. शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर चटकन दिसतात. जॉब रात्रभर तेलात राहू द्यावा.

गरम कॉस्टिकचा मोह

फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात ही पद्धत करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात सहज हाती येणारे ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. उकळत्या द्रावणातील पाणी आटले की त्याचे तापमान चढते आणि जॉबवर लालसर तपकिरी थर येऊ लागतो. तो टाळण्यासाठी घाईने पाणी ओतले, तर तापलेल्या तेलात पाणी पडल्यासारखे सगळे उसळते, फरक एवढाच की अंगावर उडते ते १४० अंशांचे कॉस्टिक. ओला जॉब टाकल्यानेही असेच उडते. डोळ्यांत एक थेंब पुरेसा आहे.

ज्यांना खरे ऑक्साइडच हवे आहे, त्यांनी गंज उकळण्याची रीत वापरावी. कोकणातील पावसाळी हवा या कामाला उत्तम साथ देते. येथे दोन चुका होतात. लवकर गंज यावा म्हणून मिठाचे तीव्र पाणी लावले जाते आणि खोल खड्डे पडतात. किंवा गंज जाड होईपर्यंत थांबले जाते. पातळ, मखमली, एकसारखा गंज दिसताच जॉब डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळावा, नारिंगी रंग काळा होतो. वरची सैल भुकटी मऊ तारेच्या ब्रशने काढावी आणि हेच चक्र चार-पाच वेळा करावे. पहिल्या फेरीनंतर रंग राखाडी आणि विरळ दिसतो, तेव्हा निराश होऊन जॉब थंड औषधात बुडवू नये. गडद रंग तिसऱ्या-चौथ्या फेरीतच येऊ लागतो.