मोबाइल गेममधील कोड्यातून गोष्ट कशी सांगावी

अनेक गेममध्ये गोष्ट मध्येच थांबते, खेळाडू एखादे कोडे सोडवतो आणि बक्षीस म्हणून त्याला गोष्टीचा पुढचा तुकडा मिळतो. अशा ठिकाणी एक कोडे काढून दुसरे घातले तरी कथेत काहीही बदलत नाही. कोडे आणि कथा एकजीव करायची असतील, तर पुढील क्रम उपयोगी पडतो.

सर्वप्रथम प्रत्येक प्रसंगात पात्र मनाने काय करत आहे, ते एका क्रियापदात लिहावे: जुळवणे, लपवणे, जागा करून देणे, सोडून देणे.

नंतर ते क्रियापद बोटाच्या हालचालीत उतरवावे. मेलबर्नच्या ‘माउंटन्स’ या स्टुडिओने 2018 मध्ये काढलेला, केन वाँग यांनी रचलेला ‘फ्लॉरेन्स’ हा गेम याचा उत्तम नमुना आहे. फ्लॉरेन्स आणि भारतीय वंशाचा चेलोवादक कृश पहिल्यांदा भेटतात, तेव्हा तिच्या संवादाचा फुगा जिगसॉच्या तुकड्यांतून जोडावा लागतो; ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात आणि बोलणे सहज होते. पुढे भांडणात त्याच तुकड्यांच्या कडा टोकदार होतात. संवादाचा एकही शब्द वाचायला न मिळता खेळाडूला संकोच, मोकळेपणा आणि कडवटपणा, तिन्ही कळतात.

म्हणूनच काठिण्य पातळी कितव्या टप्प्यावर आहोत यावरून ठरवू नये, तर पात्राच्या मनःस्थितीवरून ठरवावी. उत्तरोत्तर अवघड होत जाण्याचा रूढ नियम येथे खुशाल मोडावा; माझ्या मते कथाप्रधान गेमचे सर्वाधिक नुकसान त्या नियमानेच होते.

यानंतर एकच कोडे वेगळ्या अर्थाने परत आणावे. कृश राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंसाठी शेल्फवर जागा करायची असते, आणि तो जातो तेव्हा त्याच वस्तू बांधून द्यायच्या असतात. कृती जवळजवळ तीच असली, तरी दुसऱ्या वेळी बोट आपोआप रेंगाळते.

क्रमालाच महत्त्व असलेल्या कथेसाठी ‘फ्रेम्ड’ (2014) या गेमचा मार्ग पाहावा, त्यात कॉमिकच्या चौकटींची अदलाबदल केली की नायक पकडला जातो किंवा निसटतो.

शेवटी गेम एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या हाती द्यावा आणि “काय घडले?” एवढेच विचारावे. ती व्यक्ती पात्रांबद्दल बोलण्याऐवजी “तुकडे जुळवले” असे सांगू लागली, तर त्या प्रसंगाचे क्रियापद पुन्हा शोधावे.