क्रँकची पुली डगडगतेय? नुसता बोल्ट आवळून भागणार नाही

क्रँक म्हणजे पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा. त्याच्या टोकावरची, बेल्ट फिरवणारी पुढची पुली चावीमुळे, म्हणजे दांड्याच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या लहान तुकड्यामुळे, जागेवर राहते, हा समज गॅरेजांत सर्रास ऐकू येतो. प्रत्यक्षात पुली, तिच्या मागचं टायमिंग स्प्रॉकेट (टायमिंग बेल्ट फिरवणारं दातेरी चाक) आणि क्रँकचा खांदा (दांड्यावरची जाड पायरी) यांना मधला मोठा बोल्ट एकमेकांवर दाबून धरतो आणि त्या दाबातून होणारं घर्षणच सगळा जोर पेलतं. चावीचं काम एवढंच, की भाग योग्य कोनात बसावेत. बोल्टचा दाब कमी झाला की तो जोर चावीवर येतो. इंजिनचा प्रत्येक झटका तिला खाचेच्या भिंतीवर ठोकतो, आधी चावी चेपते, मग खाच रुंदावते. म्हणून सैल सापडलेला बोल्ट आवळून गाडी मालकाच्या हाती देणं सर्वांत महागात पडतं. सैल बोल्ट म्हणजे आत काहीतरी खराब झालंय, असं धरूनच पुढे जायचं.

या दुखण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ मध्ये आलेल्या या दोन सीटच्या गाडीच्या १.६ लिटर इंजिनात सुरुवातीला क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड होतं. १९९१ च्या मध्यावर कंपनीने ते लांब आणि दणकट केलं. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे समोर आलेली गाडी बाहेरून आणलेलीच असणार आणि तिच्या जुन्या कामांचे कागद बहुधा नसणार. ओळख मात्र सोपी आहे. पुलीच्या तोंडावरच्या लांबट खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. अर्थात पुली कधी बदललेली असेल तर ही खूण फसवते.

तपासणी इंजिन चालू असतानाच सुरू होते. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, बाजूने पुलीच्या कडेकडे पाहा. कड आतबाहेर होताना नुसत्या डोळ्याला दिसली, तर ती गाडी आणखी चालवू नये. इंजिन बंद करून पुली दोन्ही हातांनी धरून हलवा. क्रँकच्या रेषेत पुढेमागे किंचित खेळ असणं स्वाभाविक आहे, वर-खाली डुलणं नाही. इंजिनच्या पुढून आवाज येत असेल आणि त्याचा उगम सापडत नसेल तर पुलीवरचे बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. आवाज थांबला तर दोष आल्टरनेटर, एसी किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा, नाही थांबला तर पुलीकडे वळा. अर्धा मिनिट एवढ्यासाठी, की एमएक्स-५ मध्ये वॉटर पंपही आल्टरनेटरच्याच बेल्टवर चालतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या गर्दीत हाच बेल्ट डुलत्या पुलीवरून उडाला, तर चार्जिंग आणि कूलिंग एकदमच जातं.

आता टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा. या गाडीत डायग्नोस्टिक बॉक्समधले टीईएन आणि जीएनडी हे दोन पॉइंट तारेने जोडले, की ८५० आरपीएमच्या आसपास टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पिस्टन माथ्यावर (सर्वांत वर) पोचण्याच्या १० अंश आधी दिसायला हवं. पण ते दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चावी चेपल्यावर पुली आणि स्प्रॉकेट दोन्ही एकत्र सरकतात. खूण जागेवरच दिसते, आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) नि स्पार्क मात्र क्रँकच्या मागे पडलेले असतात. गाडीत दम राहत नाही, आयडल खडबडतं, आणि स्पार्कची वेळ ठरवणारा सेन्सर फिरवून कुणी ते ‘दुरुस्त’ केलं की दोष आणखी काही महिने झाकला जातो.

खरी परीक्षा पिस्टनची. चारही प्लग काढा. पहिल्या सिलिंडरमध्ये प्लास्टिकची लांब काडी टाका, लोखंडी नको. क्रँक पान्याने सावकाश फिरवा. माथ्यावर पिस्टन जवळजवळ थबकतो, त्यामुळे थेट माथा पकडायला जाऊ नका. पिस्टन वर येताना काडी एका ठरावीक उंचीवर आली की पुलीवर एक खूण करा, खाली जाताना त्याच उंचीवर दुसरी. दोन्हींच्या मधोमध खरा माथा. तो आणि पुलीवरची मूळ शून्याची खूण जुळत नसतील तर चावी गेली.

उघडण्याची तयारी: बॅटरीची अर्थिंगची तार काढा, गाडी नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर घ्या, कूलंट काढून रेडिएटर बाजूला करा. हे शेवटचं काम वाचवायचा मोह होतो, पण रेडिएटर जागेवर ठेवून टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) धड सरळ बसत नाही. एमएक्स-५ ची पुली १० मिलिमीटर डोक्याच्या चार बोल्टांवर आहे, त्यांच्या मध्ये २१ चा मुख्य बोल्ट. क्रँक धरायला टायमिंग बेल्टचे दात वापरू नका. पुलीच्या भोकांना लोखंडी पट्टी बोल्टने बांधून ती धरा. पाचवा गिअर आणि हँडब्रेक चालतो, पण घट्ट बोल्टासमोर क्लच घसरतो. इम्पॅक्ट गन सोडवायला ठीक, आवळायला अजिबात नाही. पाना अडकवून स्टार्टर मारून बोल्ट सोडवण्याची जुगाड क्लृप्ती विसरा, पान्याने मनगट मोडतं.

बोल्ट निघाला की खाचेची भिंत नखाने चाचपा. पायरी लागली तर ती झिजलेली आहे. चावी खाचेत किंचित ठोकूनच बसायला हवी, बोटाने डुलली तर गेली. स्प्रॉकेटची खाचही तपासा, कारण झीज बहुधा दोन्हीकडे असते. ऑइल सीलही याच वेळी बदला, नाहीतर तेल बेल्टवर येईल आणि हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

खाच निरोगी असेल तर नवी चावी, नवा बोल्ट, स्वच्छ आटे आणि ठरलेला टॉर्क. आखूड नाकासाठी १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ११ ते १२ किलोग्रॅम-मीटर. लांब नाकासाठी १५७ ते १६७. लांब नाकाचा आकडा आखूड नाकावर लावू नका.

खाच थोडी झिजली असेल तर लॉकटाइट ६६० कामाला येतं. हे आटे धरणारं नेहमीचं निळं नाही, फट भरणारी राखाडी पेस्ट आहे, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची. क्रँकचं नाक, खाच आणि स्प्रॉकेटचं भोक ब्रेक क्लीनरने तेलाचा मागमूस राहणार नाही इतकं पुसा. पेस्ट नाकावर आणि खाचेत लावा, सील जिथे घासतं तिथे थेंबही नको. नवी चावी आणि नवं स्प्रॉकेट बसवून खरा माथा आणि टायमिंगच्या खुणा जुळवा, मगच बोल्ट टॉर्कवर आवळा. पूर्ण २४ तास इंजिन फिरवू नका. मालक संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला तरी नाही.

त्याहून जास्त झीज असेल तर क्रँक बदला. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीत लेथवर वेल्डिंग भरून खाच पुन्हा कापून देणारे भेटतील. पण त्या उष्णतेने नाक वाकतं किंवा कडक होऊन तडकतं, आणि तेवढ्यासाठी इंजिन तसंही खाली उतरवावंच लागतं.

बाकीच्या जुन्या स्पोर्टी गाड्यांत दुखणं वेगळं असतं. अनेकांची पुली दोन भागांची असते: आतला हब, बाहेरचं जड कडं, मध्ये रबर. हे रबर क्रँकच्या पिळाची कंपनं गिळतं. तेलाने ते फुगतं, वयाने तडकतं, आणि खाडीकाठची खारट हवा कड्याच्या कडेला गंज चढवते. हब, रबर आणि कडं यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि महिन्याने पाहा. रेघ तुटली म्हणजे कडं घसरलं. मग टायमिंगची खूणही खोटी, कारण बहुतेक वेळा ती कड्यावरच असते. अशी पुली काढताना तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला लावू नका, रबर फाटतं. हबच्या आट्यांतून ओढा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी पुली घेताना रबराला नखाने दाबून पाहा आणि भेगा शोधा. आणि हलक्या अॅल्युमिनियमच्या एकसंध पुल्या? रबरवाली पुली काढून त्या बसवू नयेत. चार हॉर्सपॉवर जास्त मिळण्याच्या आशेत क्रँकचं कंपन मोकळं सोडलं जातं.

होंडा सिटी व्हीटेकसारख्या जुन्या डी-मालिकेच्या इंजिनांत एक गोष्ट लक्षात ठेवा: पुलीच्या बाजूने पाहता ही इंजिनं घड्याळाच्या उलट फिरतात, बोल्टचे आटे मात्र नेहमीचेच. म्हणजे स्टार्टरची क्लृप्ती इथे बोल्ट आणखी आवळते. पुलीतली षट्कोनी खाच ५० मिलिमीटरची आहे, ती धरायचं खास हत्यार घ्या. आणि एमएक्स-५ च्या १.६ मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तर फक्त गाडी थांबते, होंडात मात्र वॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

काम झाल्यावर बोल्टचं डोकं, वायसर आणि पुली यांवरून पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पाहा, मग दर सर्व्हिसला. पावसाळ्यानंतर एकदा वेगळं पाहा, कारण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की बेल्ट किंचाळतो आणि लोक तो जास्त ताणून बसतात. रेघ सरकलेली दिसली तर बोल्टला पाना लावू नका, पुली उतरवा.