आधी चालवा, मग रंगवा: जुनी मोटरसायकल घरी उभी करताना

सगळ्यात आधी मी टाकी रंगवली. मामाची २५० सीसीची टू-स्ट्रोक एकवीस वर्षं शेडमध्ये उभी होती. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. अशा भंगाराकडे रोज बघून हुरूप टिकायचा नाही, निदान एक तरी वस्तू चकाकती हवी, असा माझा हिशोब. गडद लाल रंगाचे तीन हात, वर क्लिअर कोट. आठ महिन्यांनी त्या टाकीत पहिल्यांदा पेट्रोल ओतलं आणि तळाच्या शिवणीपाशी रंगाला फोड आला. सुईच्या टोकाएवढी तीन भोकं होती. इतकी वर्षं गंजानंच ती बुजवून ठेवली होती.

तेव्हा खाली जो क्रम सांगते आहे तो मी ज्या क्रमानं काम केलं तो नव्हे, ज्या क्रमानं करायला हवं होतं तो. गाडी आधी आहे त्या रूपात चालती करा. पूर्ण जोडा, शंभरेक किलोमीटर फिरवा, काय गळतंय, काय वाजतंय ते कळू द्या, आणि मग पुन्हा खोलून रंगाला द्या. दोनदा जोडायचं म्हणजे दुप्पट काम, असं मलाही वाटलं होतं. मी एकदाच जोडायची ठरवली आणि इंजिन चार वेळा उतरवलं.

खोलण्याचा दिवस फार फसवा असतो. नट सुटत जातात, हात चालतो, संध्याकाळपर्यंत निम्मी गाडी जमिनीवर येते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नाव नसलेली नळी आमच्याकडे सरळ बाद होते. आणि त्याच मी पहिल्या रविवारी सगळे स्क्रू एका डब्यात टाकले! क्लच कव्हरचे स्क्रू दिसायला सारखे, लांबीला तीन प्रकारचे. जोडताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला, तळाला टेकला, मी आणखी आवळला आणि केसिंगला तडा गेला. आता मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढते, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी भोक पाडून खोचते. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो, आणि तो लांबून एक, जवळून एक. नुसत्या जवळच्या फोटोत सहा महिन्यांनी डावं-उजवं कळत नाही.

फुलीचे स्क्रू बघून घ्या. जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खातो. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ या इंची मापाचे पाने लागतात, तिथे मिलिमीटरचा पाना दामटला की नटाचे कोपरे गोल होतात. अडलेल्या स्क्रूवर ड्रायव्हर उभा धरून आधी हातोडीचे दोन-तीन नेमके घाव घाला. गंजाची पकड त्या धक्क्यानं सुटते. पुढचं काम इम्पॅक्ट ड्रायव्हरचं, म्हणजे हातोडी मारली की फिरणाऱ्या ड्रायव्हरचं. एखादा नट आवळायच्या दिशेनेच फिरतोय असं वाटलं तर थांबा. काही गाड्यांत क्लचचा किंवा क्रँकवरच्या (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) पिनियनचा, म्हणजे छोट्या गिअरचा नट उलट्या आट्यांचा असतो. क्रँकच्या टोकावरचा मॅग्नेट काढायला त्याचाच पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. ठोकून काढलात तर क्रँक वाकडा होतो.

इनटेकचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत येतं त्या तोंडाचा, एक स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) माझ्या हातात तुटला. मी मधोमध भोक पाडून स्टड एक्स्ट्रॅक्टर घातला आणि तोही आत तुटला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. शेवटी सिलिंडर घेऊन लेथवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, स्टड तुटला तेव्हाच आणला असतात तर बरं झालं असतं." खरं होतं. बाहेर थोडा तुकडा उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात आणि गरम असतानाच नट फिरवतात. उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून केसिंग तापवलं की स्टड आणि बेअरिंगं सैल होतात. केसिंगवर पाण्याचा थेंब चर्रर्र करून उडाला की पुरे. त्यापुढे टॉर्च मारत राहू नका. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना अंदाज लागत नाही.

इंजिन जाम असेल तर किक मारू नका. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून शेडच्या दारावर लावलंय, कारण मी मारली. प्लगच्या भोकातून ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ओतलं होतं (ते पेट घेतं, आसपास ठिणगी नको) आणि दहा दिवस थांबायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. किकवर उभी राहिले, कट्ट असा आवाज आला आणि किक सैल पडली. पिस्टन तसूभरही हलला नव्हता. तुटले होते किकच्या गिअरचे दात. करायचं ते असं: तेल रोज थोडं घाला, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवत राहा. पिस्टन केसभर जरी सरकला तरी बाजी तुमची. नाहीच हलला तर हेड काढून बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या) मापाचा लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवा आणि हलके ठोके द्या. माझा बाराव्या दिवशी सुटला. टू-स्ट्रोकचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली तोंडं) उघडे राहतात आणि दमट हवा त्यातूनच आत जाते. माझ्या सिलिंडरला नेमका पोर्टच्या वर गंजाचा खड्डेदार पट्टा पडला होता. नख अडकेल असा खड्डा होनिंगनं, म्हणजे नुसत्या घासण्यानं जात नाही. रिबोअर करून, म्हणजे बोअर थोडा मोठा कापून, पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागतो.

पिस्टन बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मी फडकं "जरा बाजूला" सरकवलं त्याच क्षणी गजन पिनचा (पिस्टन जोडणारी पिन) सर्क्लिप, म्हणजे ती पिन अडवून धरणारी छोटी स्प्रिंग-कडी, उडून आत गेला. दोन संध्याकाळी चुंबक बांधलेली तार फिरवली, शेवटी इंजिन उतरवून उलटं करून हलवलं, तेव्हा तो पडला. आणि सर्क्लिप नेहमी नवाच घाला. रिंगेची दोन टोकं पिस्टनवरच्या छोट्या पिनेला बरोबर मिठी मारतात ना, ते सिलिंडर खाली सरकवताना बघत राहा. पिनेवर चढलेली रिंग तुटते. सिलिंडर अडला की ताकद लावू नका, वर उचलून पुन्हा बघा.

आता ज्या चुकीनं मला खरोखर घाबरवलं ती. वरचं सगळं नवं, बोअर नवा, मग क्रँकचे ऑइल सील (दांड्याभोवतीची रबरी कडी) जुने का राहिले? कारण ते बदलायला केसिंगचे दोन भाग वेगळे करावे लागले असते आणि सील बाहेरून ठीक दिसत होते. एकवीस वर्षं कोरडं पडलेलं रबर दिसायला ठीकच असतं. गाडी सुरू झाली, धूर आला, मामांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या मिनिटाला इंजिन स्वतःहून वर चढू लागलं. थ्रॉटल बंद, तरी आवाज वाढतोच आहे. मॅग्नेटच्या बाजूचा सील हवा ओढत होता. मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि पेट्रोलमधूनच तेल मिळत असल्यामुळे तेलही कमी. टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडली. पिस्टनवर दोन उभे चरे आले होते. क्लचच्या बाजूचा सील गेला तर लक्षण वेगळं: इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं, पांढऱ्या धुराचा लोट सुटतो आणि गिअरचं तेल कमी होत जातं.

सील हवा ओढतात का, ही तपासणी गाडी सुरू करण्याआधी घरीच करता येते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचानं बंद करा, एका बुचातून नळी काढून हातपंपानं सहा पीएसआय दाब भरा, जास्त नको, आणि घड्याळ लावा. सहा मिनिटं दाब टिकला तर पुढे जा. उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. गाडी दोन वर्षांपेक्षा जास्त उभी असेल तर मी म्हणेन, तपासत बसू नका, सील बदलूनच टाका.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट डिंक जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बसलेला असतो. जेटमध्ये तार घालू नका. भोक वाढलं की ते जेट गेलं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसतंय ना ते बघा. पायलट जेट सगळ्यात बारीक, आणि "किक मारली की सुरू होते पण चालू राहत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

विजेनं मला सहा आठवडे छळलं. फ्रेमला पावडर कोटिंग करून आणलं होतं, सुंदर काळं. सगळं जोडलं तर हॉर्न नाही, दिवे नाहीत, इंडिकेटर अर्धमेले. नवी वायरिंग दोनदा तपासली. दोष कोटिंगचा होता: पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, आणि गाडीचं अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, फ्रेममधून जाते. अर्थिंगच्या प्रत्येक बोल्टखाली धातू उघडा करून थोडं ग्रीस लावलं आणि सगळं पेटलं. सहा व्होल्टच्या गाडीत हे जास्त जाचतं. अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तर बारा व्होल्टला चार टक्के तोटा, सहा व्होल्टला आठ. कोटिंगवाल्याला आट्यांमध्ये आणि बेअरिंगच्या जागी पावडर जाऊ देऊ नका, असं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं माझ्या बाबतीत हवेत विरलं.

पॉइंटचं (ठिणगीसाठी उघड-मीट करणाऱ्या संपर्कांचं) अंतर बऱ्याच गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतं. तुमच्या मॅन्युअलचा आकडा घ्या. फीलर गेजला (अंतर मोजायच्या पातळ पट्टीला) तेल लागलेलं असतं, ते पॉइंटवर उतरलं की ठिणगी गायब. माप घेतल्यावर कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढून काढा.

टाकी आतून साफ करायला एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, एक रात्र. सकाळी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि ताबडतोब वाळवा, नाहीतर तासाभरात नारिंगी गंज परत येतो. मग आत थोडं तेल फिरवा. भोकं दिसली तर वेल्डिंगवाल्याला टाकीत पेट्रोल होतं हे आधी सांगा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवा मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाका. टायरच्या बाजूला उमटवलेल्या डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतील तर ते टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच असतील तर तो टायर २००० सालाआधीचा. माझ्यावर तीन होते, आणि नक्षी अगदी नव्यासारखी. तरीही फेकले.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट टॉर्क रेंचनं (किती आवळलं ते दाखवणारा पाना) पुन्हा बघा. प्लग काढून रंग बघा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराशुभ्र असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि हवा कुठून शिरतेय ते शोधा. दुसऱ्या टाकीवर मी सध्या नुसता राखाडी प्रायमर मारलाय. मामा दर भेटीत विचारतात, लाल कधी होणार? मीटरवर ३१० झालेत. ५०० झाल्यावर बघू, असं सांगते.