बदली होऊन कोकणात आलात? चर्च ठरवताना

कॅथलिक असाल तर फारसं निवडायचं नसतंच. राहता त्या पत्त्यावरून धर्मग्राम, म्हणजे तुमचं स्थानिक चर्च, ठरतो. सावंतवाडी हे 2005 साली झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचं) मुख्य ठिकाण, अलिबाग-कोर्लईकडचे मात्र मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात. बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन फादरांना भेटा. मिस्सा (कॅथलिक उपासना) मराठीत किती वाजता आणि कोकणीत किती वाजता, हे तेव्हाच विचारून घ्या, विशेषतः घरात कोकणी न कळणारी मुलं असतील तर.

प्रोटेस्टंट असाल तर खरा प्रश्न. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे उपासनेची पद्धत तुमच्या जुन्या चर्चपेक्षा वेगळी वाटू शकते. स्वतंत्र मंडळ्याही आहेत. एका रविवारवर ठरवू नका. भर पावसातल्या रविवारीही जाऊन बघा, कोण येतं ते. उपासना संपली की लगेच छत्री उघडून निघू नका; ओट्यावर थांबा. म्हाताऱ्यांशी कोण बोलतं, आजाऱ्याकडे कोण जातं, पाळकांना प्रश्न विचारलेला चालतो का, हे तिथेच कळतं. दानपेटीचा हिशोब वर्षातून एकदा सगळ्यांपुढे वाचतात का, हेही विचारा. उत्तर द्यायला कुरकुर झाली तर मी तरी दुसरं दार बघेन. पटलं की जुन्या चर्चकडून सभासदत्वाचं पत्र मागवा.