‘चालतोय का बघू’ची घाई: जुने होम कॉम्प्युटर जपताना या चुका टाळा

माळ्यावरची ट्रंक उघडते, फडक्याने धूळ झटकली जाते, केबल सापडते आणि कुणीतरी म्हणतं, ‘लावून तर बघू.’ चाळीस वर्षं काही न होता पडून राहिलेली यंत्रं जातात ती नेमकी या क्षणी. चिपा सहसा टिकलेल्या असतात. दगा देतो तो पॉवर सप्लाय, आणि तो एकटा जात नाही, चिपांनाही सोबत नेतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा विजेला दिली आहे.

बीबीसी मायक्रो: धूर येईपर्यंत थांबणं

शाळांमध्ये संगणक नेणारा केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४ साली सुरू झाला तो याच, एकॉर्न या ब्रिटिश कंपनीने बनवलेल्या यंत्रावर. त्यामुळे आपल्याकडे जुन्या शाळेच्या अडगळीतून काही निघालंच, तर हे निघण्याची शक्यता बरी.

याच्या सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, तारांवर विजेतला गोंगाट गाळणारे दोन फिल्टर कपॅसिटर असतात, एक ०.१ आणि दुसरा ०.०१ मायक्रोफॅरडचा. पिवळट पारदर्शक ठोकळ्यातले हे रिफा बनावटीचे कपॅसिटर धातूचा थर दिलेल्या कागदाचे असतात. वरच्या आवरणाला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि कागद ओल धरतो. कोकणातले किंवा मुंबईतले चार पावसाळे यासाठी पुरेसे. मेन्स लागली की पाच-दहा मिनिटं सगळं सुरळीत चालतं, मग फट्‌ आवाज आणि घशात बसणारा उग्र धूर. गंमत म्हणजे यंत्र बहुतेकदा चालूच राहतं आणि मालक समजतो, गेलं ते महत्त्वाचं नव्हतं.

चिरा दिसोत वा न दिसोत, दोन्ही बदला. नवीन कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच हवा. दुकानदार ‘४०० व्होल्टचा आहे, चालेल’ म्हणून साधा डीसी कपॅसिटर पुढे करेल, तो घेऊ नका. एक्स२ खराब झाला तरी आग धरू नये अशा बेताने बनवलेला असतो, साधा तसा नसतो. जाण्यापूर्वी जुन्याच्या पायांतलं अंतर मोजून घ्या, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजाराची दुसरी खेप ठरलेली.

सप्लाय उघडताना दुसरी चूक होते ती जिवावर बेतणारी. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन, म्हणजे डीसी होऊन, मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. काही मिनिटं थांबा, मग मल्टिमीटरने मोजा. आकडा पाचाखाली आल्याशिवाय बोट आत घालायचं नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी बोर्ड जोडून करू नका. ५ व्होल्टच्या लाल आणि काळ्या तारेत १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. त्यातून अर्धा अँपिअर वाहतो. सप्लाय रिकामा ठेवून मोजलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मेन्सच्या बाजूला वायरमन वापरतो तसा १०० वॅटचा सिरीज बल्ब घ्या, एलईडी नव्हे, जुना तारेचा. बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बोर्डाला जोडताना लाल +५, काळी शून्य आणि जांभळी −५ व्होल्ट. सुट्या टोकांच्या या तारांची अदलाबदल झाली तर पुढचं सांगायला नको. काढण्यापूर्वी फोटो घ्या.

स्पेक्ट्रम: कारण सोडून परिणाम दुरुस्त करणं

१९८२ च्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मोजल्यावर मीटर १२-१३ दाखवतो. तो बिघाड नाही. अ‍ॅडॉप्टर रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, नसल्यामुळे लोड नसताना आकडा चढाच येतो. खरी चूक पिनेची. स्पेक्ट्रमला मधला भाग ऋण लागतो आणि बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधला भाग धन असलेले असतात. प्लग बसतो म्हणून लावू नका, आधी मीटर लावा.

खालच्या १६ केबी मेमरीच्या ४११६ नंबरच्या आठ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पाय १ वर −५, पाय ८ वर +१२, पाय ९ वर +५. पाय १६ म्हणजे ग्राउंड. यातले −५ आणि +१२ बोर्डावरच्या एका कॉइलभोवतीच्या छोट्या सर्किटमधून येतात, आणि त्यातला टीआर४ हा ट्रान्झिस्टर या यंत्राचा नेहमीचा बळी. पडद्यावर पट्टे किंवा चौकटी दिसतात, कुणीतरी टीआर४ बदलायला सांगतं, तो बदलला जातो आणि दोन सेकंदांत पुन्हा उडतो. कारण एखादी ४११६ आतून शॉर्ट झालेली असते आणि टीआर४ तिच्या ओझ्याखाली मरतो.

म्हणून वीज न लावता आधी पाय ८ ते १६ आणि पाय १ ते १६ यांच्यातला रेझिस्टन्स बघा. शून्याच्या आसपास आला तर मेमरी आधी, ट्रान्झिस्टर नंतर. आठही चिपा एकाच रेषेवर असल्यामुळे दोषी कोण ते मीटर सांगत नाही. एकेकीचा संबंधित पाय मोकळा करत जायचं, शॉर्ट गेला की ती सापडली. उलट बाजूही ध्यानात ठेवा: −५ गायब असताना यंत्र ‘थोडा वेळ’ चालू ठेवलं तर धडधाकट ४११६ सुद्धा मरतात.

४११६ मिळेना म्हणून ४१६४ थेट त्याच सॉकेटमध्ये बसवणारे आहेत. पायांची संख्या तीच, पण ४१६४ ला पाय ८ वर ५ व्होल्ट लागतात आणि इथे १२ तयार असतात. पायांची फेरजोडणी केलेला अ‍ॅडॉप्टर नसेल तर तो नाद सोडा.

मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या कडेच्या उघड्या पट्ट्यांना) काहीही लावताना-काढताना प्लग काढलेला हवा. स्पेक्ट्रमला स्विच नाही, त्यामुळे आळस होतो. कनेक्टर किंचित तिरका झाला की शेजारच्या पट्ट्यांवरची व्होल्टेजं एकमेकांना भिडतात आणि पुन्हा तीच टीआर४ ची कहाणी.

केस उघडताना वरचं झाकण खसकन ओढू नका. कीबोर्डच्या दोन फिती, पाच आणि आठ पट्ट्यांच्या, बोर्डात अडकवलेल्या असतात आणि वयाने बिस्किटासारख्या ठिसूळ झालेल्या असतात. फितींसकटचे नवीन मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचे पातळ थर, आजही बनतात, तुटल्यावर चिकटपट्टीचे प्रयोग करण्यात अर्थ नाही.

कमोडोर ६४: मूळ अ‍ॅडॉप्टरचं प्रेम

विटेसारखा जड, आत इपॉक्सी ओतलेला मूळ सप्लाय संग्रहात ठेवा, यंत्राला लावू नका. त्यातला रेग्युलेटर जातो तेव्हा ५ व्होल्ट कमी न होता वाढतात आणि मेमरीच्या चिपा भाजून निघतात. थंड असताना प्लगच्या पिन ५ आणि पिन २ मध्ये ५.१ दाखवणारी वीट तासाभराने तापल्यावर काय दाखवेल, याचा नेम नाही. मर्यादा ४.७५ ते ५.२५ व्होल्टची. नव्याने बनवलेला सप्लाय घ्या, किंवा निदान जास्त व्होल्टेज आल्यावर तोडणारं सर्किट मध्ये टाका.

अमेरिकेहून कुणी प्रेमाने आणलेली वीट ११० व्होल्टची असते, तीही विसरू नका. शिवाय तिकडच्या यंत्राचं चित्र एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचं, म्हणजे फक्त पाल ही आपल्याकडची पद्धत समजणाऱ्या टीव्हीवर ते काळंपांढरं दिसेल किंवा सरकत राहील. चिप गेली असं समजून सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नका. याच जातीची फसगत बीबीसीतही होते: मॉडेल बी च्या कॉम्पोझिट (एकाच तारेतून चित्र देणाऱ्या) सॉकेटमधून मुळातच काळंपांढरं चित्र येतं.

ध्वनीची चिप बदलताना नंबर वाचा. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. जुन्या बोर्डावर ८५८० बसवली तर पैसे गेले, आणि त्या चिपा स्वस्त नाहीत.

सोल्डरिंग, बॅटरी आणि बाकीचं

चिप अख्खी काढायच्या हट्टापायी बोर्डाचे पॅड उखडतात. मेलेली चिप वाचवून करायचंय काय? बारीक कटरने पाय कापा, मग एकेक पाय ३३० ते ३५० अंश सेल्सिअसवर तापवून चिमट्याने काढा, भोकं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) साफ करा आणि सॉकेट बसवा. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची डबीतली सोल्डरिंग पेस्ट मात्र इथे नको, तिचे अवशेष तांब्याला खातात. रोझिन फ्लक्स आणि ६०/४० तार पुरते.

सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याची साथ आहे. कमोडोरच्याच अमिगा ६०० आणि १२०० मध्ये ते योग्यच, कारण त्यांचे पृष्ठभागावर बसवलेले कपॅसिटर गळून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातात. अमिगा ५०० मध्ये आधी मेमरी-विस्ताराच्या कार्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी कापून काढा. ती आज गळत नसेल तर उद्या गळेल. हिरवट डाग अल्कलीचा असतो, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, पण थर असमान बसला किंवा मध्येच सुकला तर ढगाळ डाग उमटतात आणि ते जात नाहीत. मे महिन्याच्या आपल्या उन्हात प्लास्टिक वाकतंही. पिवळेपणा परत येतोच, तेव्हा तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही.

आता फ्लॉपी. खिडकीतून डिस्कवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली डिस्क ओरखडली जाते. आधी आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेल्या कापसाने डिस्क हळूहळू फिरवत पुसा, हेडही पुसा. डिस्क वाचली जात नाही म्हणून लगेच फॉरमॅट करू नका. बीबीसीच्या ड्राइव्हला ४०/८० ट्रॅकचा स्विच असेल तर तो आधी उलटा करून बघा. वाचली गेली की पहिल्याच फेरीत ग्रीसवीझलसारख्या यूएसबी कार्डाने अख्ख्या डिस्कची प्रत काढा. बुरशी धरलेल्या डिस्कला दुसरी फेरी मिळेलच असं नाही.